नर्सबाईंची लाकडी नळी

निवृत्त झालेल्या भौतिकशास्त्राच्या मास्तराला घरात फारसं कोणी विचारत नाही. म्हणून मी विद्यापीठाच्या संग्रहासाठी जुनी उपकरणं गोळा करायचं काम अंगावर ओढून घेतलं. बंद पडलेल्या दवाखान्यांचे माळे आणि शाळांच्या प्रयोगशाळांतली गंजकी कपाटं, असं जिल्हाभर डोकं खुपसत हिंडायचं. काचेच्या सिरिंजा, पितळी सूक्ष्मदर्शक, पारा सांडून गेलेला एक वायुभारमापक असा बराच ऐवज आजवर हाती लागला. प्रत्येक वस्तूपाशी माझे प्रश्न तेच. ही कोणी धरली, कुठे झिजली, तिथेच का झिजली? बायको म्हणते, माणसांची एवढी चौकशी केली असतीत तर चार मित्र तरी झाले असते.

पण मला सगळ्यात छळलं ते घरातल्याच एका वस्तूने. माझी आई आमच्या बौद्धवाडीतली पहिली नर्स. बुरोंडीच्या बाजूला सरकारी नोकरीत तिची उमर गेली. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची तिची लाकडी नळी आमच्या कपाटात पडून होती. वीतभर लांब. एका बाजूला पेल्यासारखं तोंड, ते पोटावर टेकवायचं. दुसऱ्या बाजूला सपाट चकती, तिला कान लावायचा. मधून आरपार भोक, की झालं उपकरण. ना वायर, ना बॅटरी. संग्रहाला द्यायला आई तयार झाली तसा मी भिंग घेऊन बसलो. पोटाकडची बाजू स्वच्छ होती. कानाकडच्या चकतीवर मात्र भोकाभोवती काळे डाग, पार लाकडात मुरलेले. नाकाशी नेली तर तंबाखूचा वास आला, की मला नुसता भास झाला, कोण जाणे. पण कानाला तंबाखू कोण लावतो?

आईला विचारलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे तसंच. पुसू नको हां." पुढे काही नाही. ऐंशी पार केलेल्या बाईला खोदून विचारायची माझी टाप नाही.

त्याच दिवसांत माझी मुलगी बाळंतपणाला आमच्याकडे रत्नागिरीला आली होती. जावई लोट्याला केमिकल कंपनीत, शिफ्ट ड्युटी, सुट्टी मिळाली की येऊन जायचा. तिला आठवा महिना लागला होता आणि आम्ही सगळे घरात चोरपावलांनी वावरत होतो. गेल्या खेपेला थाटात डोहाळजेवण झालं, फोटो झाले, झबली शिवून झाली आणि आठव्याच महिन्यात बाळ पोटातच दगावलं. या खेपेला तिने सगळ्याला फाटा दिला. ओटी भरू दिली नाही, कपडे आणू दिले नाहीत. तपासणीहून आली की "रिपोर्ट नॉर्मल आहे," एवढंच बोलायची आणि पंख्याखाली जाऊन पडायची. जसा काही रिपोर्टच जन्माला येणार होता. डॉक्टर सांगत होत्या, सगळं उत्तम आहे. पण तिने त्या जिवाशी अबोला धरला होता. ते जन्माला आल्यावर तरी ही त्याला जवळ घेईल का, या विचाराने मला घास गिळवेना.

नळी सोमवारी विद्यापीठात जायची होती. एकदा संग्रहात गेली की हातमोजे घालूनच धरायची आणि वापरायची तर मुळीच नाही, असा तिथला कडक नियम. रविवारी सकाळी मी ती कागदात गुंडाळायला घेतली, तर आईने हात पुढे केला.

"दे बगू हिकडं. जान्याआदी एकदा ऐकते."

आणि ती सरळ माझ्या मुलीच्या खाटेशी जाऊन उभी राहिली. आता भांडण होणार, असं मी धरून चाललो. मुलीने माझ्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं; हा कट माझाच, अशी तिची खात्री झाली असावी. पण आजीसमोर तिचं काही चाललं नाही. ती निमूट पाठीवर झाली. मी बाहेर सटकायला लागलो.

"जातोस कुठं? मास्तर ना तू? बग की."

आईने आधी पोट चाचपलं, मग नळी टेकवली, कान लावला आणि नळीवरचा हात काढून घेतला. नळी नुसती पोट आणि कान यांच्यामध्ये उभी. मोकळा हात तिने नातीच्या मनगटावर ठेवला होता. बाळाच्या आईची नाडी वेगळी कळली पाहिजे, नाहीतर फसगत होते, हे तिने मला नंतर सांगितलं. ती ओठातल्या ओठात मोजत होती आणि मी भिंतीला टेकून तिच्या ओठांकडे पाहत होतो.

"घोडा पळतोय नुसता!" ती वर होत म्हणाली.

मुलीने डोळे मिटले. मग तिने आजीच्या हातातली नळी घेतली, उलटसुलट करून पाहिली. भोचकपणा तिने माझ्याकडूनच घेतलाय.

"आजी, हे डाग कसले गं?"

"मशेरीचे."

"कानाला मशेरी?"

"कानाला कशाला? तोंडाला! घरातल्या म्हाताऱ्या आदी कान लावायच्या, मंग तोंड लावायच्या. आतलं भायेर ऐकू येतं, तर भायेरचं आत जायलाच पायजे, आसं त्यांचं म्हननं. ऐन लावनीत दिवस भरले तर सांगायच्या, लावनी उरकू दे, मंग ये. कोन सांगायची, तुजा बापूस मुंबैसून गनपतीला येनार हाय, तवर थांब."

मी हसायलाच लागलो. "आणि तू बोलू द्यायचीस?"

"का नाय? ज्या घरात मला चा वेगळ्या कपात, तो पन ओटीवर, त्या घरच्या म्हाताऱ्या माज्या नळीला तोंड लावीत व्हत्या. मी कशाला आडवू?"

माझं हसू जिथल्या तिथे थांबलं. आई मात्र मजेत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी नळीतून आवाज कसा जातो ते समजावू लागलो.

"पप्पा, पुरे," मुलगी म्हणाली. "तुम्ही बोला यातून. माझं तोंड पोचत नाही."

"काय बोलू?"

"सांगा त्याला…" मी गुडघे टेकले, चकतीला तोंड लावलं. चाळीस वर्षं वर्ग दणाणून सोडणारा माझा घसा, पण आवाज फुटेना. ती वाट पाहत राहिली. मग तिने नळी माझ्या हातातून काढून बाजूला ठेवली आणि पोटाकडे मान वाकवून, शेजारच्यांनाही जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

"ऐकतंयस ना? मी तुझी आई. मला खूप भीती वाटतेय. पण तू ये."