गोजराक्काच्या बातम्या

कानडी मुलखातल्या चामराजपेटेत, मराठी गल्लीत, गोजराबाईंच्या आवाजाला भोंग्याची गरज नव्हती. नवऱ्यामागे पापड लाटून त्यांनी संसार ओढला होता आणि भीती तेव्हाच चुलीत घातली होती. सगळी पेठ त्यांना गोजराक्का म्हणे.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली होती. घरात रेडिओ असणं ही बड्यांची चैन. बाकीच्यांसाठी बागेतल्या मंडपात, कुलपाच्या कपाटात, एक सार्वजनिक रेडिओ आणि खांबावर भोंगा. संध्याकाळी पुरुष ऐकत. दुपारी बायकांचा कार्यक्रम लागे, म्हणून गोजराक्कांनी गल्लीचं पापड लाटणंच मंडपात हलवलं.

एका दुपारी रेडिओवरच्या बाईने गोड आवाजात सांगितलं, पिण्याचं पाणी नेहमी उकळून घ्यावं.

"उकळते गं बाई," गोजराक्का भोंग्यावर लाटणं रोखून म्हणाल्या, "आधी नळाला सोडायला सांग की!"

बायका खदखदून हसल्या. बागेच्या कमिटीचे सेक्रेटरी नरसिंहराव, निवृत्त मास्तर, बाकावरून उठले. "रेडिओ ऐकायचा असतो, त्याच्याशी भांडायचं नसतं."

"तिचं आम्ही ऐकतो. आमचं कोण ऐकणार, अण्णा?"

उत्तर म्हणून त्यांनी कपाटाला कुलूप घातलं. तोंड मिटून बसणार असाल तरच दुपारी उघडेन, म्हणाले, आणि किल्ली घेऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी बायका पोळपाट घेऊन आल्या, तर भोंगा मुका. अनुसूया कुरकुरली, "माफी मागून टाकू या, अक्का. गाणी तरी कानावर पडतील."

"माफी? पाणी मागितलं म्हणून?" गोजराक्का पदर खोचून बाकावर चढल्या. "हे चामराजपेट आहे. आता बातम्या. देवळामागच्या नळाला पहाटे पाणी येतं, मग नुसती हवा. रेशनच्या दुकानात रॉकेल आलंय. संपलं म्हणाला तर मागच्या खोलीत डोकवा. चंद्राबाईच्या सुनेचे दिवस भरलेत, घरात गडीमाणूस नाही. हाक आली की धावायचं. बातम्या संपल्या. लाटा आता!"

त्या संध्याकाळी रॉकेलला रांग लागली.

मग कानडी बायकाही येऊ लागल्या. गोजराक्का त्याच बातम्या कानडीत सांगत. शेंगा विकणाऱ्या, कधी तोंड न उघडणाऱ्या गंगव्वाने बाजारात पोलीस टोपली कशी ओढतो ते बाकावर उभं राहून सांगितलं. पुरुष कुंपणाशी रेंगाळायला लागले. त्यांच्या रेडिओवर हे कुठं होतं?

शेवटी नरसिंहराव तणतणत आले. "उतरा खाली! हा बाक म्हणजे काय आकाशवाणी? रेडिओ चालवायला सरकार लागतं!"

"आम्हाला बाक पुरतो, अण्णा."

तेवढ्यात फाटकातून त्यांची बायको वसुमती आत आली. आजवर ती बागेत कधी फिरकली नव्हती. कुणी काही म्हणायच्या आत ती गोजराक्कांच्या शेजारी बाकावर चढली.

"माझी एक बातमी आहे," ती म्हणाली. "बागेच्या कपाटाची किल्ली आमच्या देवघरात, कुंकवाच्या करंड्यामागे असते. आज ती तिथं नाही."

पदराची गाठ सोडून तिने किल्ली गोजराक्कांच्या हातावर ठेवली.

नरसिंहरावांचा चेहरा उतरला. "वसू, घरी चल!"

"येते. बातम्या झाल्या की."

कपाट उघडलं, भोंगा खरखरला आणि तीच गोड आवाजाची बाई बोलू लागली. गोजराक्कांनी बटण पिळून तिचा आवाज पार खाली आणला.

"स्वल्प थांब गं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा बाकावर चढल्या. "नळाला अजून पाणी आलेलं नाही."