बरकात खोगीरवाल्याची हजेरी

आमच्या दमास्कसात माणसाला अक्कल नसली तरी चालतं, कागदावर नाव असलं की भागतं. मोठ्या मशिदीत पोथ्यांचं वाचन होतं, तिथं मी चाळीस वर्षं हजेरी लिहितोय. कोण आलं, कोण उशिरा आलं, कोणाला डुलकी लागली, सगळं लिहितो. तेव्हा हे काही ऐकीव सांगत नाही.

बरकात खोगीरवाल्याचंच घ्या. उभा जन्म या माणसानं गाढवांच्या खोगिरांत पेंढा कोंबला, तोही ओला. लिहिण्यावाचण्याच्या नावानं शून्य. भांडणात मात्र पंडित. अशा या बरकातचं नाव चौऱ्याऐंशीव्या वर्षी एका जुन्या पोथीच्या शेवटच्या पानावर सापडलं. सज्जनांच्या वचनांची ती पोथी कर्त्याच्या शिष्यासमोर सहा बैठकींत वाचली गेली होती, आणि त्या हजेरीत लिहिलं होतं, ‘खोगीरवाल्या मुसाचा मुलगा बरकात, वय वर्षं चार.’ यादीतली बाकीची त्रेसष्ट माणसं कधीच मातीत गेली होती.

झालं! पोथीच्या कर्त्यापासून आपल्यापर्यंत मधे जितकी कमी तोंडं, तितकी आमच्याकडे किंमत जास्त. आठवड्याभरात बरकातचा शेख बरकात झाला. डोक्यावरचं पागोटं टोपलीएवढं झालं. पिस्त्याची मिठाई आल्याशिवाय स्वारी गादीवर बसेना. खुरासानहून विद्यार्थी पाय सोलवटून येऊ लागले. बायका तान्ही पोरं आणून याच्यापुढे निजवू लागल्या, म्हणजे हजेरीत नाव लागून पुढं म्हातारपणी त्यांनाही भाव यावा. मीही नातवाला नेलं. हसू नका, तुम्हीही नेलं असतं.

त्याला करायचं काय होतं? विद्यार्थ्यानं वाचायचं, त्यानं ऐकायचं आणि मान हलवायची. इतकंच.

त्या गुरुवारी मशिदीत दोनशेच्या वर माणसं होती. शेजारी आमचे मोठे शेख बहाउद्दीन, समोर खलील नावाचा खुरासानी विद्यार्थी वाचतोय, बरकात डोळे मिटून डोलतोय. इतक्यात खांबाआडून खणखणीत आवाज आला.

“थांब रे लेकरा. एक ओळ गाळलीस.”

भट्टीवर रोट्या भाजणारी मूनिसा, बरकातची थोरली बहीण, त्याचं जेवण घेऊन आली होती. हात पिठानं भरलेले.

“मावशी, पोथीत एवढंच आहे. आणि शेखांनी मान हलवली की,” खलील म्हणाला.

“तो झोपलाय. ‘उपाशी शेजाऱ्याच्या दारावरून वाकून जावं,’ हे वाचलंस. पुढं ‘आणि भरल्या हातानं परत यावं’ आहे. ते नसेल तर नुसतं वाकून काय उपयोग?”

बहाउद्दीन तापले. “तुला कसं ठाऊक, बाई?”

“मी होते ना तिथं! अकरा वर्षांची होते. या बरक्याला कडेवर घेऊन सहाही बैठकींना मीच उभी होते. हा पोटदुखीनं रडायचा, मी ऐकायचे. तेव्हापासून रोज कणीक मळताना म्हणते. म्हणून दाखवू?”

आणि तिनं म्हणायला सुरुवात केली. पहिलं वचन, दुसरं, तिसरं. एक शब्द अडला नाही. बरकात जागा झाला आणि बघतच राहिला.

“खरंय का, शेख?” बहाउद्दीननी त्याला विचारलं.

बरकातनं मिठाईच्या ताटाकडे पाहिलं. “मी चार वर्षांचा होतो,” तो म्हणाला. “मला कसं आठवेल?”

“बरक्या!” मूनिसा म्हणाली. तेवढंच म्हणाली.

बहाउद्दीननी ती जुनी हजेरी माझ्यापुढं सरकवली. मी चौसष्टही नावं वाचली. मूनिसा नव्हती. पोर सांभाळणाऱ्या पोरीला कोण मोजतो?

“नाव नाही,” बहाउद्दीन म्हणाले, “म्हणजे ऐकलं नाही.”

ती माझ्याकडे वळली. “बाबा, निदान आजच्या यादीत तरी लिही. मी आले होते, मी ऐकलं, इतकंच. नव्वदी उलटली माझी, आणखी काही नको.”

माझी लेखणी शाईत बुडालेली होती. बहाउद्दीननी नुसती भुवई उचलली. चाळीस वर्षांची नोकरी आणि नातवाचं नाव, दोन्ही मला एकदम आठवली. मी खाली बघितलं.

तिनं रोट्यांचं फडकं बरकातपुढं ठेवलं आणि ती गेली.

“पुढं वाच,” बहाउद्दीन म्हणाले. पण वाचन लगेच सुरू झालं नाही. आधी खलीलनं लेखणी उचलली आणि आपल्या प्रतीत ती गळालेली ओळ भरली. मग शेजारच्यानं भरली. मग सगळ्यांनी, खुद्द बहाउद्दीननीही. आणि त्याखाली मी माझ्या सुरेख अक्षरात लिहिलं, ‘ही ओळ शेख बरकात यांच्या मुखातून ऐकून दुरुस्त केली.’