शेख बाई त्या व्हिडिओत वाचत नाहीयेत

शेख बाईंचा तो व्हिडिओ फॉरवर्ड करणं थांबवा.

तो मीच काढला होता. आणि तो खोटा आहे.

काल बाई गेल्या. संध्याकाळी कुंभार पिंपळगावला दफन झालं. तिथून परतताना मोबाईल उघडला, तर शिक्षकांच्या सगळ्या ग्रुपवर तेच. बाई पहिलीचं पुस्तक हातात धरून वाचतायत आणि खाली कुणीतरी लिहिलंय, 'जिद्दीला सलाम.'

ज्यांना बाई माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो.

शेख बाईंनी जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळी नोकरी पहिलीच्या वर्गावर काढली. घरात उर्दू, वर्गात मराठी. मी नवीन लागलो तेव्हा पहिलीची दुसरी तुकडी माझ्याकडे होती.

माझ्या वर्गात मनीषा नावाची मुलगी होती. एके दिवशी तिनं अख्खा धडा धडाधड वाचला. मी पळत जाऊन बाईंना घेऊन आलो.

बाईंनी तिला जवळ घेतलं. धड्यावरचं चित्र तळहातानं झाकलं आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे काय हाय गं बाळा?"

मनीषा बाईंच्या तळहाताखाली डोकावायला लागली.

बाहेर व्हरांड्यात बाई मला म्हणाल्या, "सर, तिला पाठ झालंय. वाचायला न्हाई आलं. पण रागवू नका बिलकुल. पोरगी भेली तुम्हाला, म्हणून पाठ केलं तिनं. पहिले भेव काढा, मंग अक्षरं."

आज मी पहिलीला जे काही शिकवतो, ते बाईंचं आहे.

रिटायर झाल्यावर बाईंना मेंदूचा झटका आला. बोलणं शाबूत, हातपाय शाबूत. वाचणं तेवढं गेलं.

विचित्र म्हणजे लिहिता यायचं. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी कागदावर स्वतःचं नाव लिहिलं. तेच वळणदार अक्षर, फळ्यावरचं. थोड्या वेळानं मी तो कागद पुन्हा समोर धरला.

बाईंनी तो हातात घेतला.

"हे कुणी लिव्हलं, सर?"

जालन्याचे डॉक्टर म्हणाले होते, सराव केला तर थोडंफार परत येऊ शकतं. मी ठरवलं, बाईंना वाचायला आपण शिकवायचं.

दर रविवारी जायचो. अक्षरकार्डं, बाराखडी, पहिलीचं पुस्तक. बाई चहा टाकायला उठायच्या आणि मी म्हणायचो, "चहा नंतर, बाई. आधी एक पान."

एकदा म्हणाल्या, "आज राहू द्या ना सर. डोकं दुखून राह्यलं."

"गॅप पडला की विसरायला होतं, बाई."

हे मी त्यांना सांगत होतो.

मग एका रविवारी बाईंनी अख्खं पान वाचलं. न अडखळता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मोबाईल काढला. "बाई, परत एकदा." व्हिडिओ घेतला आणि तिथूनच ग्रुपवर टाकला. दिवसभर फोन. अभिनंदन सगळं माझं.

काल दफन उरकून बाईंच्या घरी गेलो. नसरीन, बाईंची मुलगी, ओसरीवर आली.

"सर, एक सांगू का? राग नका मानू."

"सांग."

"अम्मीला शेवटपर्यंत वाचायला न्हाई आलं. शनिवारी मला घेऊन बसायची. उद्या कोणतं पान हाय, जल्दी वाच म्हणायची. मी वाचायची, ती पाठ करायची. तुम्ही यायच्या आधी परत एकदा माझ्यासमोर म्हणून बघायची."

"मला का नाही सांगितलं?"

"नको म्हणली. सर लई खूश होतात म्हणली."

चित्र झाकायचं मला सुचलं नाही. मधल्या शब्दावर बोट ठेवायचं सुचलं नाही. वर्गात प्रत्येक पोराला मी तसंच तपासून बघतो.

खरं सांगतो, सुचलं असतं तरी बोट ठेवलं नसतं. मला तो व्हिडिओ हवा होता.

बाई मला भ्यायल्या होत्या. शेख बाई. मला.

निघायला उठलो तर नसरीन म्हणाली, "तुम्ही म्हणला होता ना सर, यांना वाचून दाखवू नका, आयतं मिळालं की स्वतः वाचायच्या न्हाईत. म्हणून आम्ही कुणी घरात पेपर बी वाचून न्हाई दाखवला. अम्मी नुसती हातात धरून बसायची. एकदा मला हळूच म्हणली, सर आत्ता न्हाईत ना इथं? मंग वाच की थोडं."

"मग?"

"न्हाई वाचलं सर मी. तुम्ही सांगितलं होतं."

तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघालो.

बाई, माफी मागायला तोंड नाही मला.

खुदा हाफिज.