बाजूचा दिवा आणि बावीस मिनिटं

माझी नोकरी तपासणीची होती. कोठारात आलेला माल उघडायचा, मोजायचा, ठोकून बघायचा आणि वहीत शेरा मारायचा. निवृत्त झालो, पण वही काही सुटली नाही. घरात नवा कुकर आला तर मी घड्याळ लावून दोन शिट्ट्यांमधलं अंतर मोजतो, मग बायको मला भाजी निवडायला बसवते. त्यामुळे बोटाएवढा टॉर्च कुरिअरने भोरला येऊन पोचला तेव्हा ती म्हणाली, "आले का जावईबापू? आता आठ दिवस यांचंच कौतुक."

टॉर्च खिशात टाकून रोज बाळगायचा होता. पुढून झोत, बुडाला लोहचुंबक आणि अंगाच्या एका बाजूला पट्टीसारखा आणखी एक दिवा. बटण मात्र एकच. एकदा दाबलं की एक, दाबून धरलं की दुसरं, पटापट दाबलं की तिसरंच काहीतरी. मी वहीत रकाने आखले. वजन, पकड, चार्जिंग, तापतो का, झोताचा पल्ला. बाजूच्या दिव्यासमोर तो न लावताच लिहून टाकलं, 'शोभेचा. उपयोग नाही.' इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर काही गोष्टी नुसत्या बघूनच कळतात, असं माझं मत होतं.

त्याच शोभेच्या दिव्याने बायकोने कपाटाखालून कानातल्याची फिरकी शोधून काढली. सोबत माझा हरवलेला चष्माही निघाला, जो हरवल्याचा दोष मी तिला दोन महिने देत होतो. मी शेरा बदलला नाही. पल्ला मोजायला गॅलरीत गेलो, तर समोरची इमारत वीस पावलांवर. झोत तिथल्या खिडकीवर पडला आणि आतल्या बाईंनी फर्रकन पडदा ओढला. वहीत लिहिलं, 'पल्ला भोरमध्ये मोजता येत नाही. वेल्ह्याला मोजणे.'

वेल्ह्याला जायचं होतंच, आणि ते टॉर्चसाठी नव्हे. तिथून वर, एसटी जिथे थांबते त्याच्याही पुढे तासभर चढून गेल्यावर माझी आत्या राहते. ऐंशीच्या पुढची, एकटी. सोबत एक म्हैस आणि चार शेळ्या. गेल्या पावसाळ्यात घर आणि गोठा यांच्यामधल्या दहा पावलांत ती घसरली आणि मनगट मोडलं. तेव्हापासून पुण्यातल्या तिच्या मुलाचा मला फोनावर फोन. "दादा, तिला खाली आण. तुझ्याकडे भोरला राहू दे, दवाखाना जवळ आहे. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल." मलाही तेच बरोबर वाटत होतं. म्हैस कोणाला विकायची हेसुद्धा मी मनात ठरवून टाकलं होतं.

कापूरहोळला एसटी बदलली, वेल्ह्याला उतरलो, पुढची गाडी घेतली, मग चढलो. दिवेलागणीला पोचलो तर वीज गेलेली. आत्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वाळलास रं. आमची सून जेवाया घालती का न्हाई?"

विषय कसा काढावा कळेना, म्हणून टॉर्च काढला. पहिला उजेड पडताच तिने हात जोडले. संध्याकाळचा दिवा लागला की नमस्कार करायचा, तो समईचा असो की बल्बचा. मी म्हणालो, "हा मंद. आता मध्यम बघ." तिने पुन्हा हात जोडले. प्रखर दाखवला, पुन्हा जोडले. चौथ्या पायरीला ती वैतागली. "एकदाच काय त्यो लाव की. दिवा हाय का चेष्टा?"

मग ती भरवशाचा मोबाईल घेऊन धार काढायला निघाली. मोबाईलला तिथे रेंज नाही. त्याचा उपयोग एवढाच, की दिवा लावून तो उरल्यासुरल्या दातांत धरायचा आणि खाली वाकून धार काढायची. मी म्हणालो, "अगं, पडेल तो दुधात!" तिला उत्तर देता आलं नाही, कारण तोंडात मोबाईल होता. 'हे असंच चालायचं असेल तर ही एकटी राहणार कशी,' असं मनात म्हणत मी अंगणात आलो. समोर दरी आणि पलीकडच्या उतारावर शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांची वस्ती. पल्ला मोजायला याहून चांगली जागा मिळणार नव्हती. वहीत वेळ लिहिली, सात वाजून चार मिनिटं, आणि झोत सोडला. तो थेट पलीकडच्या पत्र्यांवर जाऊन चमकला. मला भारीच आनंद झाला. आणखी प्रखर करायला बटण पटापट दाबलं, तर टॉर्च लुकलुकायलाच लागला. तो बंद कसा करायचा तेच आठवेना. माहितीपत्रक भोरला राहिलं होतं.

मिनिटभराने पलीकडे दिवे हलले. दोन, चार, सहा. ओळीने उतार उतरू लागले.

आत्या चरवी घेऊन बाहेर आली, माझ्या हातातला थयथयाट बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला. "काय केलंस ह्ये! आरं, लुकलुक केली म्हंजी 'या' म्हनायचं आसतं. आता येत्याल समदी." मी म्हणालो, "मग ओरडून सांग, काही नाही म्हणून." ती म्हणाली, "हितनं ऐकू गेलं आसतं तर बत्ती कशाला लागली आसती? जा, आठ जनांचं आदन ठेव."

मग चुलीपुढे बसून तिने मला समजावलं. रोज तिन्हीसांजेला ती अंगणातून दिवा दाखवते, स्थिर. पलीकडूनही एक स्थिर दिवा दिसतो. म्हणजे सगळं ठीक. लुकलुक म्हणजे या. आणि दिवा दिसलाच नाही, तरी या. ती पडली त्या संध्याकाळी दिवा दिसला नव्हता, म्हणून तेच लोक आले आणि तिला झोळीत घालून खाली गाडीपर्यंत घेऊन गेले. दवाखान्यात मी भेटायला गेलो होतो, सफरचंदं नेली होती. मनगटाची सगळी चौकशी केली. तिला खाली आणलं कोणी, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. चुलीपुढे बसून मला त्याची लाज वाटली.

ते आले तेव्हा घामाने डबडबलेले होते. सहा जण, दोन बांबू आणि एक घोंगडी. एकाच्या हातात अजून अर्धी भाकरी होती. आत्या धडधाकट दिसल्यावर ते थबकले, मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अपराध्यासारखा टॉर्च पुढे केला. त्यातला वयस्कर माणूस बांबू टेकवत म्हणाला, "व्हय पाव्हनं, आमाला वाटलं म्हातारी गेली. बांबू आनल्यात, तुमास्नीच न्यायचं का मग?" सगळे हसले. आत्या सगळ्यात जास्त हसली.

वीज आलेली नव्हती. त्या माणसाने माझ्या हातातून टॉर्च घेतला, दोन-तीनदा दाबून बघितला आणि बुडाच्या लोहचुंबकाने ओसरीच्या पत्र्याला चिकटवून बाजूचा दिवा लावला. कुणाच्या डोळ्यांत न जाता उजेड सगळ्या अंगणात पसरला. आत्याने हात जोडले. सहा जणांनीही जोडले, आणि मग मीही. चहा झाला. म्हशीचं, शेळ्यांचं, कोणाच्या तरी मोडलेल्या सोयरिकीचं बोलणं झालं.

"तुमच्या भोरात दावली का ही बॅटरी कुनाला?" आत्याने विचारलं.

"दाखवली. समोरच्या खिडकीवर."

"मग? कोन आलं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "पडदा ओढून घेतला," म्हणालो. पुन्हा हशा पिकला, पण या वेळी माझं हसणं जरा उशिरा आलं.

सकाळी ती गोठ्यात गेली तेव्हा टॉर्च गोठ्याच्या पत्र्याला चिकटलेला होता. उजेड बरोबर चरवीवर, आणि तिचं तोंड मोकळं. त्यामुळे धार काढता काढता ती मला सलग पाऊण तास बोलू शकली. म्हैस विकायचा माझा बेत तिला कुठून कळला कोण जाणे, पण त्यावरही ती सविस्तर बोलली. निघताना मी पाया पडलो. टॉर्च परत मागायचा प्रश्नच नव्हता. लुकलुक कशी सुरू करायची आणि कशी बंद करायची, ते आदल्या रात्री त्या वयस्कर माणसाने आम्हा दोघांना नीट शिकवून ठेवलं होतं.

वेल्ह्याच्या स्टँडवर रेंज आली आणि पाठोपाठ तिच्या मुलाचा फोन. "निघालात का दोघं?"

"मी एकटाच निघालोय."

"दादा! अरे, पुन्हा पडली म्हणजे?"

मी वही उघडली. 'शोभेचा' हा शेरा खोडून मी त्यावर काय लिहिलंय ते त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. त्याच्या खालची ओळ वाचून दाखवली. "सात वाजून चार ते सात सव्वीस. सहा माणसं, दोन बांबू, एक घोंगडी. बावीस मिनिटं."

त्याला आधी कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं, पडद्यासकट.

"मला पुण्याहून तिथे पोचायला साडेतीन तास लागतात," तो म्हणाला.