नातीची वकिलीची जेवणं

बॅरिस्टर व्हायला जेवावं लागतं, हे माझ्या नातीनं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी एवढा हसलो की तोंडातला चहा सदऱ्यावर आला.

"काय गं बाय, तू लंडनला शिकाला चाललीस का जेवाला?"

"दोन्हीला," ती म्हणाली. "हसू नका आजोबा. नुसती परीक्षा पास होऊन तिथे बॅरिस्टर म्हणून नाव लागत नाही."

मग तिनं मला नीट सांगितलं. तिचं सांगणं असं असायचं की तिसरी शिकलेल्या माणसाला एकदा ऐकून कळावं. तिथं चार जुन्या संस्था आहेत. बॅरिस्टर व्हायचं तर त्यातल्या एकीत नाव घालायचं. त्यांचा मोठा हॉल असतो. तिथं थोरल्या वकिलांच्या, न्यायाधीशांच्या सोबत ठरलेल्या वेळा हजेरी लावायची. हिच्या वेळेला दहा होत्या. काही भाषणांच्या, काही सरावाच्या, पण मूळ चाल जेवणाची. काळे झगे घालून लांब टेबलांवर बसायचं, चौघाचौघांचा एक गट. जेवणाआधी प्रार्थना, जेवणानंतर प्रार्थना, आणि शेवटची प्रार्थना होईपर्यंत कोणी जागचं उठायचं नाही. उठलात तर ते जेवण मोजत नाहीत.

"हे तर आमचंच हाय," मी म्हणालो. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या माणसाचं होईपर्यंत पहिला उठत नाही. नेऱ्याकडच्या आमच्या गावात मी चाळीस वर्षं पंगतीवर उभा राहिलोय. अर्ध्यातून उठणाऱ्याला खांदा दाबून खाली बसवलाय, मग तो नवऱ्याचा मामा का असेना.

"त्या गोऱ्यांनी आमचं बघून घेतलं असंल."

"त्यांचा हॉल काही शतकांचा जुना आहे, आजोबा."

"मग आमची पंगत काय काल बसली?"

"तुम्हीच तिथे जज व्हा," ती म्हणाली. "समोर वाद घालायला कोणी टिकणार नाही."

अशी बोलायची ती माझ्याशी. घरात दुसऱ्या कोणाची छाती नव्हती. गावात बांधाची भांडणं, भावाभावांच्या वाटण्या माझ्यासमोर तुटायच्या. कागद मी कधी मागितला नाही. माणूस समोर बसवायचा, बोलतं करायचं. ही लहानपणी माझ्या मांडीवर बसून ते ऐकायची. वकिली तिच्यात माझ्याकडनं आली, असं मी, आता आम्ही राहतो त्या करंजाड्यातल्या सगळ्या बिल्डिंगला सांगून ठेवलंय. माझ्या मुलाला ते आवडत नाही. नसू दे.

आता माझी खोड सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मला राग आला की मी पानावरनं उठतो. शिव्या देत नाही, हात उगारत नाही. तांब्या उचलायचा, भरल्या ताटात हात धुवायचा आणि उठायचं. घरातला मोठा माणूस उपाशी उठला की मागं कोणाच्या घशाखाली घास उतरत नाही. बायको विनवायची, मुलगा पाया पडायचा, सून दाराआड उभी राहायची. मी गॅलरीत खुर्ची टाकून रस्त्याकडं बघत बसायचो. तिसऱ्यांदा विनवल्याशिवाय परत यायचो नाही, कारण पहिल्या विनवणीला येणं मला हलकं वाटायचं. कारण कसलंही पुरायचं. कालवण आळणी झालं. मुलानं मला न विचारता पाहुणे बोलावले. माझ्या उठण्यापायी बायकोला किती वेळा उपाशी झोपावं लागलं ते तिलाच ठाऊक. मी कधी विचारलं नाही.

नात पाच-सहा वर्षांची असताना एकदा मी असाच तांब्या उचलला. ही म्हणाली, "थांबा आजोबा, एवढ्यात धुऊ नका. आधी तो बोंबील मला द्या." आणि माझ्या ताटातला तळलेला बोंबील उचलून खायला लागली. मला हसू आवरेना. बसलो परत. त्यानंतर ती घरात असली की माझं उठणं जमायचंच नाही. तिनं मला एकदाही विनवलं नाही.

ती लंडनला गेली आणि वर्षाच्या आत लॉकडाऊन लागला. विमान मिळालं तशी परत आली. मग तिचं कॉलेज कॉम्प्युटरवर, परीक्षा कॉम्प्युटरवर, आणि जेवणंसुद्धा. हे तर मला अजूनच नवल. काळा कोट घालून ही करंजाड्यात आपलं ताट घेऊन बसणार, ते तिकडं आपापल्या घरी बसणार, आणि सगळे काचेतनं एकमेकांना बघत जेवणार.

"वाढतो कोण तुमाला?" मी विचारलं.

"आई," ती म्हणाली. "पण काटा-चमचा माझा."

नियम मात्र तेच. प्रार्थनेपासून प्रार्थनेपर्यंत समोर दिसायला पाहिजे.

नऊ हजेऱ्या झाल्या होत्या. आधीची जेवणं त्यांच्या रात्रीची, म्हणजे माझं जेवण कधीच उरकल्यावर. दहावी मात्र एका रविवारी, त्यांच्या दुपारच्या जेवणाची. तिकडं दुपारचा एक म्हणजे आमच्याकडं संध्याकाळचे साडेपाच. आदल्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली.

"आजोबा, उद्या साडेपाच ते सव्वासात मी खोलीत असेन. दार बंद असेल. ही शेवटची. ही झाली की पुढच्या महिन्यात माझं नाव लागेल. मुंबईतल्या एका कचेरीनं त्याच्यावरच माझी जागा धरून ठेवली आहे. त्या वेळात मला उठायला लावू नका."

"आमी कशाला उठवू?" मी म्हणालो.

म्हणजे मला सगळं सांगितलेलं होतं. कळलंही होतं. हे आधीच लिहून ठेवतो.

मी दिवेलागणीच्या आधी जेवतो. त्या रविवारी साडेसहाला सुनेनं ताट वाढलं. तांदळाची भाकरी, उरणच्या कोळणीकडची कोळंबी, कांदा. नात रोज माझ्या डाव्या हाताला बसायची, ती जागा रिकामी. बंद दारामागं ती हसत होती. इंग्रजीत बोलत होती आणि मध्येच मोकळी हसत होती, जशी माझ्याशी हसायची तशी. काट्याचा ताटावर आवाज होत होता.

"ती जेवते का?" मी सुनेला विचारलं.

"हो बाबा. तुम्हाला बोलली ना काल."

"माझ्याआधी?"

सुनेनं भाकरीचं ताट पुढं सारलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी जेवलेलं नव्हतं, हे तिला माहीत होतं.

खोटं कशाला सांगू, मला त्या वेळी राग आला नव्हता. राग आला असता तर आज जीवाला एवढं लागलं नसतं. मला बघायचं होतं. ती त्यांच्या पंगतीतनं माझ्यासाठी उठते का नाही, एवढंच बघायचं होतं. मी तांब्या उचलला, कोळंबीवर पाणी ओतलं, हात धुतला आणि गॅलरीत जाऊन बसलो.

"अवो, आज तरी नको," बायको मागनं आली. "पोरीचं काम चाललंय आत."

मी रस्त्याकडं तोंड केलं.

"आई, तिला सांगू नकोस हं," मुलगा म्हणाला. पण बायकोला पन्नास वर्षांची सवय. तिचे पाय आपोआप त्या दाराकडं वळले. "बाय गं," तिनं हाक मारली, "आजा पानावरनं उठला."

दार उघडलं. वर पांढरा शर्ट आणि काळा कोट, खाली घरातला पायजमा, पाय अनवाणी. ती गॅलरीच्या उंबऱ्यात उभी राहिली. मला वाटलं आता काहीतरी वाकडं बोलेल. बोलली असती तर मी तिथंच हसलो असतो, उठून आत गेलो असतो, दोन मिनिटांत सगळं निभावलं असतं. मी हसायला तयार बसलो होतो.

तिनं हात जोडले.

"आजोबा, चला ना. माझं चुकलं. जेवून घ्या."

इतरांसारखंच. तेच शब्द, तोच आवाज.

"मना भूक नाय."

"प्लीज आजोबा. मला लगेच परत जायला हवं."

"मग जा. कोणी धरलंय?"

तिनं मागं वळून दाराकडं बघितलं. आतनं कोणी म्हातारा गोरा संथ आवाजात काही सांगत होता. "तुम्ही बसा, आई वाढते, मी जाते," ती म्हणाली.

"तू वाढ. तुज्या हातनं."

ती वाढायला गेली. मी येऊन बसलो. मग मीठ मागितलं. मग पाणी. मग म्हणालो, "बस हितं." ती काळ्या कोटात माझ्या डाव्या हाताला फरशीवर बसली. माझे एका बाजूचे दात गेलेले, मी मुळातच सावकाश जेवतो. त्या दिवशी त्याहून सावकाश जेवलो. तिनं तीनदा दाराकडं बघितलं. आतनं बरेच जण एकदम काही म्हणाले, आणि मग आवाज बंद झाला.

त्यानंतर तिनं दाराकडं बघितलं नाही.

"अजून भाकरी देऊ, आजोबा?" तिनं विचारलं.

मी घेतली.

तिनं त्यांना पत्र लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. स्वयंपाकघरात ती आईला सांगत होती ते मी ऐकलं. शेवटच्या प्रार्थनेला समोर नव्हती, म्हणून हजेरी धरता येत नाही, पुढच्या खेपेस अवश्य यावं.

"घरात अडचण होती म्हणून कळवायचं," सून म्हणाली.

"काय कळवू? आजोबा रुसले?"

पुढच्या महिन्यात तिच्या बरोबरच्यांची नावं लागली. हिचं राहिलं. मुंबईच्या कचेरीनं थोडे दिवस वाट बघितली आणि जागा दुसऱ्याला दिली. फोन आला तेव्हा ती माझ्यासमोरच होती. "चालेल, हो, समजू शकते," एवढं म्हणाली आणि वाळत घातलेले कपडे काढायला गेली.

ती माझ्यावर रुसली नाही. भांडली असती तर मला बोलायला जागा झाली असती. उलट ती मला पहिलं वाढायला लागली. "मी बसू का जेवायला, आजोबा?" असं विचारून बसायला लागली. माझ्या हयातीत घरात ज्यासाठी मी एवढी ताटं टाकली, ते सगळं तिनं न मागता दिलं. मी एकदा मुद्दाम खोडी काढली. म्हणालो, "तुज्या त्या गोऱ्यांना आमची कोळंबी घाल खाऊ, काटं-चमचं फेकून हातानं जेवतील."

"हो, आजोबा," ती म्हणाली, आणि भात कालवत राहिली.

विमानं सुरू झाल्यावर ती परत गेली. दहावी हजेरी तिथं प्रत्यक्ष हॉलमध्ये बसून पुरी केली. नाव लागायचा दिवस ठरला. त्या समारंभाला प्रत्येकाला घरची दोन माणसं आणता येत होती. तिचा फोन आला.

"आजोबा, तुम्ही याल? बाबा म्हणतात पासपोर्ट होईल वेळेत."

जायचं होतं. तो हॉल बघायचा होता. पण तोंडातनं निघालं ते नेहमीचंच.

"मना काय काम तिथं? थंडीत मराला?"

आणि मी थांबलो. मला पहिल्यांदा विचारलं की दुसऱ्यांदा विचारतात, दुसऱ्यांदा विचारलं की तिसऱ्यांदा. सत्तर वर्षं असंच चालत आलेलं. मी फोन कानाला धरून बसलो.

"बरं, आजोबा," ती म्हणाली. "मग आईबाबांची नावं देते."

तिनं विचारलं, मी उत्तर दिलं, तिनं ते धरलं. चूक काहीच नव्हती त्यात.

त्या दिवशी करंजाड्यात आम्ही दोघंच. सुनेनं फोनवर सगळं दाखवलं. काळ्या लाकडाच्या भिंती, मोठाली चित्रं, टेबलांवर दिवे, आणि आमची बाय डोक्यावर पांढरा केसांचा टोप घालून. बायकोनं काचेवरनं हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. मग नातीनं आईच्या हातातनं फोन घेतला आणि गर्दीतनं बाजूला आली.

सकाळपासून मी मनाशी ठरवून बसलो होतो की आज बोलायचं.

"बाय," मी म्हणालो, "त्या रविवारचं जेवण..."

"अहो आजोबा! तुम्ही अजून ते धरून बसलात?" ती टोप सावरत म्हणाली. "सोडा ते. मी कधीच तुमच्यावर धरलं नाही, खरंच. तुम्हाला कुठे कळणार होतं ते किती महत्त्वाचं होतं."

मला गावात एकानं चारचौघांत अडाणी म्हटलं होतं. त्याच्या घरचं पाणी मी अकरा वर्षं प्यालो नाही. त्याच्या मुलाच्या लग्नाला सगळं गाव गेलं, मी एकटा खळ्यावर बसून राहिलो. आणि इथं माझी नात मायेनं, हसत, मला तेच म्हणत होती, आणि त्याच्यावरच मला माफ करत होती. मला एवढंच म्हणायचं होतं की कळलं होतं बाय, सगळं कळलं होतं, म्हणूनच मी उठलो. शब्द तोंडात आले होते. बायको माझ्याकडं बघत होती. तिला माहीत होतं.

"आजोबा? आवाज येतोय ना?"

"येतोय," मी म्हणालो. "अडाणी माणूस मी, बाय. मना काय कळतंय त्यातलं."

बायको उठली आणि आत गेली.