सुताची गाठ

बायको गेल्यावर खोकल्याच्या औषधाला मी सरकारी दवाखान्यात जायचो. तिथं बाकावर चादरी विणणारा एक जण भेटला. सुताच्या दोन तुकड्यांना तो सारखी गाठ मारायचा अन् सोडायचा.

"हात चालतोय का बघतो, मामा," म्हणाला. मागावर बसला की उजवा हात अचानक लुळा पडायचा, डाव्या डोळ्यावर पडदा यायचा, अन् थोड्या वेळानं सगळं पहिल्यासारखं. मानेची शीर तुंबली होती.

"डॉक्टर म्हणतात, मुंबईला जाऊन ऑपरेशननं साफ करा. करताना कचरा मेंदूत गेला तर टेबलावरच लुळा. न्हाय केलं तर कधीतरी घरात पडणार. मग बायकोनं उचलायचं."

माझी बायको तशीच अंथरुणावर होती, हे मी सांगितलं.

"उचलताना जड व्हायच्या का?"

"लई. पाठ गेली माझी. तरी अजून पहाटे उठतो, तिची कूस बदलायला."

त्याची बोटं थांबली. मला वाटलं, हात गेला. पण त्यानं गाठ ओढून घट्ट केली.

"घरात अजून काईच सांगितलं न्हाय," तो म्हणाला. "आता बायकोलाच विचारतो, काय करायचं ते."

सूत खिशात घालून तो घराकडं चालत निघाला. मी खोकत बसलो.