साउथहॅम्प्टनला गेलेलं प्रस्थान

समुद्र ओलांडायला बोट लागते हे माझ्या आईला मान्य होतं. पण बोटीच्याही आधी सुपारी लागते, असं तिचं म्हणणं होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही लंडनजवळ पिनरला राहत होतो आणि माझा धाकटा भाऊ सुधीर फ्रान्समध्ये, रुआँला. त्याच्या मुलाचं शनिवारी संध्याकाळी बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगणारी एकुलती एक आत्या म्हणजे मी! आई त्यासाठी खास पुण्याहून आली होती. ह्यांनी (म्हणजे आमच्या डॉक्टरांनी) साउथहॅम्प्टनच्या कार फेरीची गुरुवारची तिकिटं काढली. रात्री गाडीसकट बोटीत शिरायचं, सकाळी फ्रान्स.

"गुरुवारी दक्षिणेला?" आई म्हणाली. "दिशाशूल आहे, जावईबापू."

"अहो आई, फ्रान्स दक्षिणेलाच आहे. मी तरी काय करू?"

"काही करू नका. बुधवारी प्रस्थान ठेवू."

म्हणजे चांगल्या दिवशी आपल्याऐवजी आपलं गाठोडं पुढे पाठवायचं. मग आपण कधीही निघालो, तरी निघालो बुधवारीच! आमचे साउथहॅम्प्टनचे स्नेही डॉ. जोग नेमके बुधवारी लंडनला आले होते. गाठोडं त्यांच्याबरोबर द्यायचं ठरलं. मी रुमालात सुपारी, हळकुंड आणि तांदूळ बांधू लागले.

"एवढंच?" आई म्हणाली. "ज्याच्यावाचून आपलं अडेल असं काहीतरी घाल. देवाला काय फसवायचंय?"

मी विचार केला आणि घातलं. (मी विचार करायला लागले की घरातले घाबरतात, ते काही उगीच नाही.)

गुरुवारी सकाळी फेरीच्या ऑफिसातून फोन आला. ह्यांनी ऐकून घेतलं आणि रिसीव्हर हळूच खाली ठेवला.

"साउथहॅम्प्टनचा रूट बंद झाला."

"बंद म्हणजे? समुद्र आटला का?"

"बोट काढून घेतली. व्हेरी सॉरी म्हणतायत."

दुपारपर्यंत हे फोनला चिकटून होते. शेवटी डोव्हरहून संध्याकाळच्या बोटीत जागा मिळाली. मी भीत भीत आईकडे पाहिलं.

"प्रस्थान ठेवलंय ना? मग कुठूनही जा," आई म्हणाली.

डोव्हरला रांगेतून आमची गाडी पुढे सरकली. खिडकीपाशी ऑफिसर आला. ह्यांनी माझ्यापुढे हात केला. "पासपोर्ट दे."

"ते साउथहॅम्प्टनला आहेत."

"तिथे काय करतायत?"

"आपली वाट बघतायत."

ह्यांनी पुढे केलेला हात परत स्टिअरिंगवर ठेवला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं! मागे खोळंबलेल्या इंग्रजांपैकी एकानेही हॉर्न वाजवला नाही, त्याची तर जास्तच लाज वाटली. आम्ही गाडी वळवली आणि मी फोन बॉक्समधून जोगांच्या पत्नीला, कुमुदवहिनींना गाठलं.

"वहिनी, तुमचे डॉक्टर गाठोडं घेऊन अर्ध्या वाटेवर येतील का हो?"

"छे गं! प्रस्थान कधी मागे फिरवतात का? तुम्हीच या. मी आमटी टाकते."

इंग्लंडचा दक्षिण किनारा फार सुंदर आहे म्हणतात. आम्ही तो जवळजवळ सगळा पाहिला, पण कोणी त्याची स्तुती केली नाही. मला रडू येत होतं. शनिवारची संध्याकाळ डोळ्यांपुढे येत होती: बाळ पाळण्यात, पाहुणे जमलेले आणि आत्या अजून इंग्लंडातच! मागच्या सीटवरून आई समजूत घालत होती, "काळजी नको करू. आपण निघालोय बुधवारीच."

आमटी वाढता वाढता कुमुदवहिनी म्हणाल्या, "अगं, न्यूहेवनहून डिएपला बोट असते की. तिथून रुआँ तासाभरावर. आम्ही कधी कधी तसेच जातो."

"न्यूहेवन?" ह्यांचा घास हातातच राहिला. "आत्ता येताना तिथूनच तर आलो!"

शुक्रवारची बोट भरली होती. शनिवारी सकाळच्या बोटीत जागा मिळाली. गाठोडं मी वाटभर पोटाशी धरून बसले होते. (आता ते कोणाच्याही हाती द्यायची माझी तयारी नव्हती.)

रुआँला पोचलो तेव्हा सुधीर दारातच उभा होता. "ताई, कुठे होतीस? तुझ्यावाचून सगळं अडलंय!" मी चुरगळलेल्या साडीतच पाळण्यापाशी धावले, बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं आणि प्रवासाचा शीण पार विसरले. मग रीतीप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. चार-पाच हलके. एक मात्र चांगलाच सणसणीत! वळून पाहिलं, तर बायकांच्या घोळक्यात हे उभे.

मी मुकाट्याने सोसला. तो धपाटासुद्धा निघाला होता बुधवारीच!